मोरदऱ्याचा कौल

बीड जिल्ह्यात चार दिवस राहून आले आणि परळीच्या वैजनाथाचं दर्शन न घेताच आले, याचा राग आमच्या शेजारच्या मालूताईंना अजून गेलेला नाही. "एवढी लांब गेलीस नि देवाला न भेटता आलीस? मग गेलीस तरी कशाला?" ग्रामसभेला गेले होते, असं खरं ते सांगितलं, तर बाईंनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. त्यांचंही चूक नाही. आमच्या गावात, म्हणजे कोल्हापूरच्या खाली नदीकाठाला, ग्रामसभा म्हणजे सरपंच, सरपंचांचे मेहुणे आणि चहा. त्या सभेला शेजारच्या गल्लीतलं माणूस जात नाही. मी मात्र एसट्या बदलत, कंबर मोडून घेत, दुसऱ्याच्या गावच्या सभेला गेले. आणि अजून त्या सभेतून पुरती परत आलेली नाही, असंच वाटतं.

आमंत्रण काशीबाईचं. काशीबाई दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर आमच्या फडात ऊस तोडायला येते. केजच्या पुढं, डोंगरात मोरदरा म्हणून गाव आहे, तिथली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेकी सासरी नांदतात, ही अजून कोयता घेऊन उभी. तोंडानं फटकळ. मी पण तशीच, म्हणून आमचं जमतं. दसऱ्याच्या आधी तिचा फोन आला. "वैनी, दरसाल आमी तुमच्या बांधाला येतो. औंदा तुमी आमच्याकडं या. गावाचं मरण-जगण ठरायलंय."

मरण-जगण म्हणजे काय, ते तिनं फोनवरच समजावलं. मोरदऱ्याच्या खाली, हमरस्त्यावर एक मोठं गाव आहे. ते वाढत वाढत एवढं वाढलं की तिथं आता नगरपंचायत होणार. त्या नगरपंचायतीत मोरदराही घालायचा, असं सरकारच्या मनात आलेलं. तसं झालं की मोरदऱ्याची ग्रामपंचायत बंद. सरपंच नाही, मेंबर नाही, ग्रामसभा नाही. खालच्या गावात एक नगरसेवक बसेल, तो काय ते बघेल. पण त्याआधी सरकारनं गावाचं म्हणणं मागवलं होतं, आणि त्यासाठी सभा होती.

"आणि तुझा काय संबंध त्यात?" मी विचारलं.

"मी मेंबर हाय न्हवं."

मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं बघत राहिले. आमच्या बांधावर मोळ्या बांधणारी काशीबाई निवडून आलेली ग्रामपंचायत सदस्य! इतक्या वर्षांत एका शब्दानं बोलली नव्हती. कावून सांगितलं नाहीस, असं तिच्याच भाषेत दरडावलं, तर म्हणाली, "तुमच्याकडं आले की मी टोळीतली बाई. तिथं कुठं मेंबरकी मिरवू?"

निघताना आमच्या मालकांनी बजावलं, "दुसऱ्याचं गाव आहे, तोंडाला कुलूप घालून जा." कुलूप मी घरीच विसरले.

केजहून वर

केजच्या स्टँडाबाहेर सीताफळांचे ढीग लागलेले. मला सीताफळ म्हणजे जीव की प्राण. मोठी पिशवी भरून घेतली आणि मोरदऱ्याकडं जाणाऱ्या जीपमध्ये शिरले. "बसा की मावशी, लई जागा हाय," असं जीपवाला म्हणाला, पण ती जागा कुठं होती हे त्यालाच ठाऊक. मी अर्धी एका आजोबांच्या मांडीवर आणि सीताफळं पूर्ण माझ्या मांडीवर. पुढं घाट लागला, रस्ता उखडलेला, आणि पिशवीत काय चाललंय ते माझ्या लुगड्याला आधी कळलं.

उतरले तर काशीबाई पदर खोचून उभीच होती. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं नि म्हणाली, "वैनी, सीताफळं खायची असतेत. नेसायची न्हाईत."

वस्तीवर गेल्यागेल्या लुगडं बदललं आणि बाहेर आले, तेव्हा कुठं तो डोंगर नीट दिसला. आमच्याकडं उसाच्या राज्यात माणसाला समोरच्या बांधापलीकडचं दिसत नाही. इथं बालाघाटाच्या त्या उघड्या माळावर उभं राहिलं की एकामागं एक डोंगरपट्ट्या, मधे काळ्या मातीचे तुकडे, काढलेल्या सोयाबीनचे ढीग, आणि वर केवढं ते आभाळ! मला क्षणभर गरगरलंच. दगडाच्या फटीफटीतून सीताफळीची झाडं वर आलेली, ना कुणी लावलेली ना कुणी पाणी घातलेलं. एवढ्या खडकातून इतका गोडवा कुठून येतो, देव जाणे. मी कितीतरी वेळ तिथंच उभी राहिले.

रात्रीच्या जेवणात येसरची आमटी होती. येसर म्हणजे धान्यं भाजून दळलेला मसाला. तो आमटीत पडला की असा खमंग वास सुटतो की शेजारचं घर उठून यावं. मी कोल्हापूरची, रस्सा या विषयात मला कुणी शिकवू नये अशी माझी समजूत. पण बाजरीची भाकरी कुस्करून ती आमटी खाल्ली आणि गुपचूप परत वाटी पुढं केली. घरी हे सांगितलेलं नाही.

लोकांचं म्हणणं

दुसऱ्या दिवशी काशीबाईबरोबर गाव हिंडले. ज्या दारात गेलो तिथं एकच विषय, आणि प्रत्येक दारात निराळं मत. गायरान आपलं राहायला पाहिजे, नगरपंचायत झाली की शेरडं कुठं चारायची, असं एकाचं. रोजगार हमीची कामं शहराला नसतात, ती बंद पडतील, असं दुसऱ्याचं. दवाखाना येईल, दिवे येतील, खालच्या गावासारखे दारात नळ येतील, पोरींना कॉलेजात जायला गाडी येईल, असं तिसरीचं. सरपंच आबा मोठ्या वाड्यावजा घरात झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "गाव म्हंजी गाव असतंय बाई. खालच्याच्या हाताखाली आमी कावून जावं?" त्यांची खुर्ची जाणार होती, ते सोडून ते सगळ्यावर बोलले.

पण मला हलवलं ते तात्यांनी. तात्या हे काशीबाईचे चुलतसासरे, नव्वदीच्या घरातले. दारात बाजेवर बसून काठीनं कोंबड्या हाकत होते. त्यांनी निजामाचं राज्य जाताना बघितलंय.

"मी गुरं राखायलो होतो," तात्या सांगायला लागले. "सकाळी निजामाचं राज होतं. सांजंला घरी आलो तर मानसं म्हनायली, गेलं. बरं झालं गेलं, लई तरास होता. पर इचारलं न्हाई कुणी. माझ्या बापालाबी न्हाई. मंग आमी ह्या राज्यात, मंग त्या राज्यात. शेवटाला म्हाराष्ट्र झाला. तवाबी न्हाई. आता ह्या वयात कागद आलाय की तात्या, तुमचं म्हननं काय."

"मग काय आहे तुमचं म्हणणं?" मी विचारलं.

तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांच्या ताटातली भाकरी मागितली. "ते सभेत सांगंन. इतक्या सालांनी इचारलंय कुणी. असं घाईघाईनं कावून सांगून टाकू?"

मी हसले. मला दर निवडणुकीला विचारतात आणि निम्म्या वेळा मी ऊन फार आहे म्हणून जात नाही.

संध्याकाळी सुनीता पाण्याला निघाली. ही शेजारच्या घरची सून, विशीतली, लेकरू कडेवर आणि कमी बोलणारी. गावाची विहीर खाली ओढ्याच्या अंगाला आहे. यंदा पाऊस बरा झाला, पाणीही आहे, पण ते वर आणायचं म्हणजे दगडांतून चढण. मी म्हटलं, आण एक घागर मी घेते. काशीबाई नको नको म्हणत असताना घेतली. चढणीच्या मध्यावर पाय सरकला, मी खाली बसले आणि घागर खडखडत ओढ्यापर्यंत गेली. गुडघा फुटला. काशीबाई हसून हसून बेजार. सुनीता मात्र हसली नाही. तिनं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं, डोक्यावरची घागर माझ्याजवळ टेकवली आणि ओढ्यापर्यंत गेलेली घागर भरून आणायला परत खाली गेली. तिला जाताना-येताना बघत मी तिथं बसून राहिले, आणि मला माझीच लाज वाटली.

नंतर ओट्यावर काशीबाई माझ्या गुडघ्याला हळद लावत होती, तेव्हा मी तिला सरळ विचारलं, "तुझं काय गं म्हणणं?"

"पंचायत राहायला पायजे," ती म्हणाली. "आबाच्या खुर्चीसाठी न्हाई. माझ्यासाठी. वैनी, मी निवडून आले त्या आधी ह्या गावात माझं नाव कुणी घेत नव्हतं. आता सभेत उभी राहते, बोलते, आबाला गप ऐकावं लागतंय. पंचायत गेली तर खालच्या गावात मला कोण उभं करतंय? मी परत नुसती टोळीतली बाई."

सभा टोळ्या निघायच्या आधीच घ्यायला तिनंच लावली होती. आबांना ती टोळ्या गेल्यावर हवी होती, म्हणजे गावात म्हातारी माणसं तेवढी उरतात आणि लवकर उरकतं. काशीबाई ग्रामसेवकाच्या टेबलासमोर जाऊन बसली आणि तारीख मिळेपर्यंत उठली नाही. टोळीतली माणसं आपल्याच बाजूची आहेत, याची तिला खात्री होती.

सभेची सकाळ

शाळेच्या मैदानात कडुलिंबाखाली सभा. मैदानाच्या कडेला ट्रॅक्टर उभा, मागं ट्रॉल्या भरलेल्या: गोधड्या, भांडी, बाजरीची पोती, पत्रे, बांबू, खुराड्यात कोंबड्या. सभा झाली की टोळी तिथूनच निघणार होती. बायकांनी वाटेसाठी धपाटे बांधून घेतलेले, त्यांचा वास सगळ्या मैदानात. दगडू मुकादम, म्हणजे टोळीचा म्होरक्या, घड्याळ बघत फिरत होता. "लवकर उरका बे, डायवर खोळंबलाय." तात्या धुतलेलं धोतर नि फेटा घालून पहिल्या ओळीत येऊन बसले होते.

ग्रामसेवक तरुण होता, घामाघूम झालेला. त्यानं दोन्ही बाजू वाचून दाखवल्या आणि हात वर करायला सांगितलं. झाला की गोंधळ! काहींनी दोन्ही वेळेला हात वर केला, काहींनी शेजारणीचा धरून वर केला, मागच्यांना ऐकूच गेलं नाही. दोनदा मोजलं, दोनदा निराळं निघालं.

तेव्हा दगडू मुकादम पुढं झाला. "असं मोजतेत व्हय? कोयत्या-कोयत्यानं बसवा. एका कोयत्याचा एक हात. चटदिशी व्हतंय."

वाचकांना सांगायला हवं. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो तोडतो, ती मोळी बांधून डोक्यावरनं गाडीपर्यंत नेते, आणि दोघं मिळून एक धरतात. आम्ही बागायतदारही तसंच विचारतो, "औंदा किती कोयते आणलेत?" त्यामुळं मुकादम ते बोलला आणि कुणालाच वावगं वाटलं नाही. मलाही नाही. सगळी टोळी झटक्यात जोडीजोडीनं रांगेत बसली, रोजची सवय असल्यासारखी. दगडू रांगेतून फिरायला लागला. नवरा सांगायचा, "पंचायत राहू द्या." बायको जमिनीकडं बघायची. पुढचा कोयता. "पंचायत." पुढचा. "पंचायत." मधेच एखादा "नगरपंचायत". काशीबाईच्या चेहऱ्यावर उजेड पडत चालला होता. आबा खुर्चीत सैलावले.

दगडू काशीबाईपाशी आला. "काशे, तू अर्धा कोयता. अर्धा कसा धरू? तुझं मागनं बघू." एकट्या माणसाला टोळीत अर्धा कोयताच म्हणतात. लोक हसले.

काशीबाई हसली नाही. ती उठली, आणि तिचा तो फडात या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा आवाज लागला. "दगडूबापू, निवडणुकीला जाते तवा माझ्या बोटाला अर्धीच शाई लावतेत का?"

हशा पिकला. ती थांबली नाही. शेजारच्या रांगेत बसलेल्या सुनीताचा हात धरून वर केला. "आन् हिचं बोट कुठं गेलं? हिला इचारलं का कुणी?"

दगडू तिच्या कानाशी वाकला, पण मी जवळच होते. "खुळी झालीस का काय? तुझ्याच बाजूनं चाललंय की."

"म्हाईत हाय मला," काशीबाई म्हणाली. "फिरून मोजा. एकएक माणूस मोजा. फड न्हाई ह्यो."

ग्रामसेवकाला तर हायसंच वाटलं. नियमही तोच होता, पण मुकादमापुढं त्याचा आवाज फुटत नव्हता. त्यानं मैदानाच्या मधून चुन्याच्या फक्कीची रेघ ओढायला लावली. पंचायत राहावी म्हणणारे लिंबाच्या बाजूला, नगरपंचायतीत जावं म्हणणारे शाळेच्या भिंतीकडं. पुरुष उठले, बहुतेक लिंबाकडं गेले. काठी टेकत तात्याही तिकडंच गेले, ताठ मानेनं, मोजणाऱ्याला नीट दिसेल असे उभे राहिले. थोडी तरुण पोरं भिंतीकडं. बायका जागच्या जागी बसून.

मग सुनीता उठली. लेकरू कडेवर घेतलं आणि रेघ ओलांडून भिंतीकडं चालायला लागली.

"अगं ए, तिकडं कुठं?" तिचा नवरा लिंबाखालून ओरडला.

"पाण्याकडं," ती म्हणाली. मागं वळून बघितलं नाही.

अहो, काय सांगू! एक उठली, दुसरी उठली, मग पदर सावरत, गुडघ्यावर हात टेकत, एकमेकींकडं न बघता बायका उठत गेल्या आणि भिंतीकडं जात राहिल्या. त्यांना सगळ्यांना खालच्या गावचे नळ दिसत होते. काही लिंबाकडंही गेल्या, नाही असं नाही. पण जोड्या तुटल्या. वर्षानुवर्षं एक म्हणून धरलेली माणसं रेघेच्या दोन बाजूंना उभी राहून एकमेकांकडं पहिल्यांदा बघितल्यासारखी बघायला लागली. एक नवरा हसत होता, एक चिडला होता, एक नुसताच तोंड उघडं टाकून उभा. मी अर्ध्या महाराष्ट्रात फिरले, देवळं बघितली, किल्ले बघितले. इतकं मोठं काही मी बघितलेलं नाही. माझे हात आपोआप जोडले गेले.

मोजायची गरजही नव्हती, तरी मोजलं. भिंतीकडची माणसं जास्त भरली. काशीबाई लिंबाखाली उभी होती. तिनं बोलून दाखवलं नसतं तर ती जिंकली असती, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

आबांचा चेहरा काळवंडला, पण गडी मुरलेला. सावरून बसले आणि ग्रामसेवकाला म्हणाले, "ठराव लिहायचा तर सूचक पायजे. कोण हाय सूचक? नाव सांगा."

ज्याच्या नावानं ठराव मांडायचा त्याचं नाव कागदावर कायमचं राहणार, आबांच्या विरोधात. भिंतीकडची पोरं आबांच्या भावकीतली, ती चपलांकडं बघायला लागली. बायका एकमेकींच्या मागं सरकल्या. रेघ ओलांडणं निराळं आणि आबांच्या तोंडावर नाव देणं निराळं. सुनीतानं लेकराच्या डोक्यात तोंड लपवलं. मला वाटलं ओरडावं, माझं नाव घाला. पण मी पाहुणी.

"न्हाई ना कुणी?" आबा म्हणाले. "सूचक न्हाई तर ठराव न्हाई. झाली सभा."

मी काशीबाईकडं बघितलं. तिला काहीही करायचं नव्हतं, नुसतं गप्प उभं राहायचं होतं. तिची पंचायत वाचत होती, तिची मेंबरकी वाचत होती, सभेत उभं राहून बोलायची तिची जागा वाचत होती.

ती लिंबाखालून निघाली, रेघ ओलांडली आणि टेबलाशी येऊन उभी राहिली. "लिवा. सूचक काशीबाई."

"काशे, तुझं मत तर तिकडं हाय," आबा म्हणाले.

"माझं मत तिकडंच हाय. पर समद्यांनी सांगितलं ते कागदावर यायला पायजे का न्हाई? मेंबर हाय मी. आजच्या दिस तरी हाय." तिनं पेन घेतलं. एकएक अक्षर दाबून सही केली. मला रडू आवरेना, आणि मी आवरलंही नाही.

"अनुमोदक?" ग्रामसेवकानं हळूच विचारलं.

काशीबाईनं भिंतीकडं नजर फिरवली, बायकांच्या गर्दीत हात घालून सुनीताला दंडाला धरून बाहेर काढलं आणि पेन तिच्या बोटांत कोंबलं. "तोंड काय लपवतीस? मोडलीस ना माझी पंचायत? कर सही. आन् त्या नळाला पाणी न्हाई आलं तर घागर घिऊन तुझ्याच दारात येऊन बसंन. सांगून ठिवते."

सुनीतानं लेकरू तिच्याकडं दिलं आणि सही केली.